कौशल्याबाईंनी दिलेलं व्रत

कौशल्याबाई कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की लगेच बसत नाहीत. 'बसते जी, बसते' म्हणत दाराशीच घुटमळतात आणि तेवढ्यात घरातलं कोण कुठे बसलंय ते बघून घेतात. मग ज्या दोन माणसांच्या मधली जागा कुणीच घेतलेली नसते, तिथे जाऊन जमिनीवर मांडी घालतात. हे त्या मुद्दाम करतात हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर मला वाटायचं, बाईंना चारचौघांत कुठे बसावं ते कळत नाही.

मी तेव्हा सरकारी परिविक्षा अधिकारी होतो. नाव भारदस्त आहे, काम तेवढं नाही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलानं गुन्हा केला की त्याच्या घरची चौकशी करायची, बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा आणि मंडळानं मुलाला घरी सोडलं तर तो सरळ वागतोय ना यावर लक्ष ठेवायचं. एका अधिकाऱ्याच्या गळ्यात शंभरावर मुलं. त्यामुळे लक्ष ठेवणं म्हणजे मुलगा महिन्यातून एकदा ऑफिसात येणार, मी 'काय, ठीक ना?' विचारणार, तो 'हो' म्हणणार, संपलं. मी नारायण पेठेत जन्मलो आणि वाढलो. यापेक्षा जास्त बोलणं आमच्याकडे आगाऊपणात मोडतं.

दोन हजार सातच्या आसपास सरकारला असं सुचलं की नुसत्या मुलाला समजावून भागत नाही, त्याच्या घराशीच बोललं पाहिजे. एक प्रायोगिक योजना आली. समुपदेशकानं मुलाच्या घरी जायचं, सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवायचं, चार महिने त्यांच्याशी काम करायचं, खर्च सरकारचा. तेव्हा हिंजवडीपासून खराडीपर्यंत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यातले साहेब लोक मन मोकळं करायला तासाच्या हिशेबानं फी भरत होते. तेच आता चोरी केलेल्या पोराच्या घरी सरकार फुकट पोचवणार म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यात समुपदेशक म्हणून आल्या कौशल्याबाई.

बाई मूळच्या पुसदच्या. नवरा उत्तरेश्वर भोसरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, त्याच्यामागे पुण्यात आल्या. आधी वस्तीत बालवाडी चालवली, मग पोरं शाळेला लागल्यावर छत्तिसाव्या वर्षी समाजकार्याची पदवी घेतली. मुलाखतीला मीही बसलो होतो. "बालवाडीतून एकदम गुन्हेगार मुलांकडे?" असं मी विचारलं. विचारताना भुवई वर नेली असणार, कारण तशी ती जातेच.

"बालवाडीत पोरगं रडत आलं तर मी त्याच्या मायला विचारायची, सकाळी घरी काय झालं," बाई म्हणाल्या. "पोरगं सोळा वर्षांचं झालं म्हणून प्रश्न बदलते का जी?"

निवड झाली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कार्यालयीन शिस्त समजावून सांगितली. ज्याच्या घरी चौकशीला जायचं त्याच्याकडे काही खायचं-प्यायचं नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या एका घरी पोटभर जेवून आल्या. मी डोळे वटारले, तर म्हणाल्या, "साहेब, जेवल्याशिवाय घर दिसत नाही." हे त्यांचं शास्त्र. पुस्तकातलं शास्त्रही त्यांना पाठ होतं, पण ते त्या परीक्षेपुरतं वापरत असाव्यात.

मांजरीच्या साईनाथचं प्रकरण आलं ते त्याच वर्षी, जून उजाडता उजाडता. साईनाथ सोळा वर्षांचा. दोन मोठ्या पोरांना गाडीवर मागे बसवून हा चालवत होता. हडपसरजवळ अभिनव नावाचा एक तरुण इंजिनीअर स्कूटरवरून घरी चालला होता. मागच्यांपैकी एकानं त्याच्या खांद्यावरची लॅपटॉपची बॅग ओढली. स्कूटर पडली, अभिनवचं मनगट मोडलं. मोठी दोघं तुरुंगात गेली, साईनाथ अल्पवयीन म्हणून निरीक्षणगृहात आला. गाडी त्याच्या वडिलांची, नवी कोरी, रान विकल्यावर घेतलेली. वडील मच्छिंद्र, आई विजयमाला. उसाचं रान बिल्डरला गेलं होतं आणि त्यावर आता बारा मजली सोसायटी उभी होती. घरात पैसा आला होता, बंगला झाला होता, पोरगं इंग्रजी शाळेत घातलं होतं, आणि ते पोरगं आता चोर म्हणून आत बसलं होतं.

मंडळासमोर दोनच रस्ते होते. वडिलांनी जबाबदारी घेतली तर मुलगा देखरेखीखाली घरी जाणार. नाही घेतली, तर विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, तीन वर्षांपर्यंत. आणि मच्छिंद्र एकच वाक्य धरून बसला होता, "ठेवा त्याला तिथंच. सुधरंल."

निरीक्षणगृहात भेटीच्या दिवशी मच्छिंद्र आतच येईना. बाहेर ओट्यावर उन्हात उभा राहिला. मी त्याच्यापाशी थांबलो, कौशल्याबाई आत साईनाथपाशी बसल्या, आणि मधल्या व्हरांड्यातून विजयमाला आत-बाहेर करत राहिली. नवऱ्याचं ऐकून आत जायची, पोराचं ऐकून बाहेर यायची. पदर डोक्यावरून घसरत होता, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझे वडीलसुद्धा माझ्याशी आईमार्फतच बोलत. 'विचार त्याला, मार्क किती पडले' असं म्हणायचे, आणि मी हातभर अंतरावर बसलेलो असायचो.

ते लोक गेल्यावर आम्ही चहा घेतला. बाईंनी सहज विचारलं, "बाहेर काय निरोप आला, साहेब?"

"मुलगा पाया पडतोय, घरी न्या म्हणतोय, असा."

बाईंनी कप खाली ठेवला. "आत तो म्हणाला, मला त्या घरी यायचंच नाही. याच शब्दात. बाप बाहेर काय म्हणाला?"

"मेला तरी चालेल म्हणाला."

"आत निरोप आला, तुझ्या अण्णांनी दोन दिवस अन्नाला शिवलं नाही."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग एकेक निरोप पडताळून पाहिला. एकही जसाच्या तसा पोचला नव्हता. मला हसू आलं. म्हटलं, "ही आई अट्टल खोटारडी आहे."

कौशल्याबाईही आधी हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांचं हे असंच असतं, रडायला त्यांना आडपडदा लागत नाही. "खोटारडी नाही हो. घर फाटून राहिलं, ती शिवून राहिली. पण हा बाप एका वेगळ्याच पोराचं ऐकून राहिला आणि हा पोरगा एका वेगळ्याच बापाचं. खरे दोघं भेटलेच नाहीत."

बाई दुसऱ्या दिवशी मांजरीला गेल्या. भोसरीहून दोन बसा बदलून, शेवटी वडापच्या जीपमधून. मच्छिंद्रला म्हणाल्या, "चार महिने पोराला घरी आणा. नाही जमलं तर मी स्वतः त्याला परत आणून सोडते. मंडळाला सांगते, बापानं प्रयत्न केला." प्रयत्न केला असं लोकांसमोर म्हटलं जाईल, हे त्याला पटलं असावं. कसाबसा तयार झाला. मंडळानं साईनाथला तात्पुरतं घरी सोडलं आणि दिवाळीनंतरची तारीख दिली. त्या दिवशी कायमचा निर्णय होणार होता.

बंगल्यात काय दिसलं ते बाईंनी मला येऊन सांगितलं. हॉलमध्ये पांढरा सोफा, त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मच्छिंद्र दिवेलागणीलाच टीव्हीसमोर एकटा जेवून घेतो. साईनाथ ताट घेऊन गच्चीच्या जिन्यात बसतो. विजयमाला सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं दोन घास खाते. तिघांचं जेवण वेगळं, आणि मध्ये हिच्या फेऱ्या. 'अण्णा विचारतायत, अभ्यास केलास का?' 'केलाय म्हणतोय.' ना याने विचारलेलं असतं ना त्याने सांगितलेलं.

"मग आता काय, तिला खोटं बोलू नका म्हणून सांगणार?" मी विचारलं.

"तसं सांगितलं तर ती अजून गोड खोटं बोलेल."

आषाढी एकादशी तोंडावर होती. विजयमाला दर वर्षी चातुर्मासात काहीतरी सोडायची. बहुतेक वेळा वांगं. कौशल्याबाईंनी त्या दिवशी तिच्याबरोबर मेथी निवडता निवडता विचारलं, यंदा काय सोडणार? ती म्हणाली, वांगंच की. बाई म्हणाल्या, "यंदा वांगं खा. बोलणं सोडा. मुक्यानं जेवायचं."

हे काही बाईंच्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. मुक्यानं जेवायचं व्रत आपल्याकडच्या कितीतरी बायका करतात. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खूण नाही. बाईंनी त्याला दोनच गोष्टी जोडल्या. रात्रीचं जेवण तिघांनी एकत्र, खाली बसून करायचं. आणि वाढून झालं की विजयमालानं सगळं मध्ये ठेवून सगळ्यांच्या आधी स्वतः ताटावर बसायचं. व्रत म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. मच्छिंद्र तर खूश झाला. "बायको जेवताना बोलनार न्हाई, एवढंच ना? मग चार महिनंच कशापायी?" असं वर म्हणाला.

चार दिवसांत त्याची मस्करी जिरली. सगळं मध्येच ठेवलेलं, पण भाकरी साईनाथच्या हाताशी, कालवण मच्छिंद्रच्या. मागायचं कुणाकडे? पहिल्या दिवशी मच्छिंद्रनं अर्ध्या भाकरीवर हात धुतला. दुसऱ्या दिवशी पोरानं कोरडी भाकरी चावली. विजयमालाच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी मच्छिंद्र भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आमटीला मीठ कमी हाय." भिंत काही उठली नाही. मग साईनाथनं मान वर न करता मिठाची वाटी पुढे सरकवली.

बाई ही बातमी घेऊन धापा टाकत माझ्या ऑफिसात आल्या. "मीठ दिलं साहेब त्यानं! आणि बापानं घेतलं!"

"वा," मी म्हटलं. "मंडळाला कळवू या. मिठाच्या बाबतीत प्रगती समाधानकारक."

"कळवा ना," त्या म्हणाल्या. त्यांना टोमणे लागत नाहीत. पुण्यात पंधरा वर्षं काढून ही ताकद त्यांनी कमावली असावी.

श्रावण गेला. बाई दर आठवड्याला मांजरीला जात होत्या, कधी अख्ख्या कुटुंबाशी बोलत, कधी नुसत्या जेवत. मिठावरून गाडी पाण्यावर आली, पाण्यावरून क्रिकेटवर. एकदा बापलेक दोघंही एकाच वेळी टीव्हीतल्या कुणालातरी शिव्या देताना सापडले. बाईंना कोण आनंद!

गणपती आठवड्यावर आले होते. त्या रविवारी मला देखरेखीची भेट द्यायची होती, म्हणून मीही बाईंबरोबर गेलो. दुपारचं जेवण एकत्र घ्यायचं ठरलं होतं. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. यंदा वांगं चालू होतं ना. मी नियमाप्रमाणे जेवणार नव्हतो. भरताचा वास आल्यावर नियमाप्रमाणे थोडंसं जेवलो.

विजयमाला ताटावर बसली, तिचं व्रत सुरू झालं. मच्छिंद्रनं भाकरी मोडली आणि बराच वेळ जुळवाजुळव करून मुलाला म्हणाला, "ती इंग्रजी शाळा जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. गावच्या हायस्कुलात जा."

चांगलं बोलला होता. मला वाटलं, पोरगं सुटकेचा श्वास टाकेल. साईनाथचा हात मात्र ताटातच थांबला. "आता राहू दे कसं? रान विकलंत ना माझ्या शाळेसाठी."

"कोन म्हनलं?"

साईनाथनं आईकडे बघितलं. मग मच्छिंद्रनंही बघितलं. विजयमालाच्या हातात घास होता. तिचे ओठ उघडले. आत्तापर्यंतचं सगळं आयुष्य ती अशा जागी मध्ये पडत आली होती, आणि काहीतरी गोड, काहीतरी दोघांना चालेलसं तिच्या तोंडाशी आलेलंच असणार. विजयमालानं ओठ मिटले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई म्हणाली मला," साईनाथ म्हणाला. "जेसीबी आला तेव्हा मी शाळेतून घरी येत होतो. पेरूची झाडं पाडत होता. मी रडलो तर आई म्हणाली, अण्णांनी तुझ्यासाठी विकलं. तू मोठा इंजिनीअर हो. चार वर्षं मी ते इंग्रजीचं पुस्तक उघडलं ना, की मला पेरूची झाडं दिसतात. काय टाळकं चालणार?"

मच्छिंद्रनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग बोलला ते खाली बघत. "तुझ्यासाठी न्हाई विकलं. भावांनी सह्या केल्या, म्होरं सगळीकडनं भिंती आल्या, ऊस तोडायला मानूस मिळंना. मला एकट्याला झेपंना. भ्यालो मी आनि विकलं. तुला काय सांगू? बाप भ्याला म्हनून सांगू?"

साईनाथ उठला. उष्ट्या हातानं, अनवाणी, दारातून निघून गेला.

घराबाहेर कुणाला न सांगता जायचं नाही, ही मंडळाची अट होती. मी उभाच राहिलो. तो त्या जुन्या टोळक्याकडे गेला असता तर दिवाळीची वाट बघायचीच गरज नव्हती, मलाच दुसऱ्या दिवशी अहवाल द्यावा लागला असता आणि पोरगं सरळ विशेष गृहात गेलं असतं. विजयमाला उठायला लागली. कौशल्याबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मच्छिंद्रला म्हणाल्या, "आज ती जाणार नाही. तुम्ही जा."

"माझ्याशी बोलनार न्हाई त्यो."

"आत्ता कोणाशी बोलला मग? भिंतीशी?"

मच्छिंद्र उठला. दारात जाऊन थबकला, वाकला, आणि मुलाच्या चपला हातात घेऊन निघाला. नवी गाडी समोर उभी होती, तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

आम्ही बसून राहिलो. मी बाईंना नको नको ते बोललो. मुलाचं भवितव्य तुम्ही भाकरी-भरतावर लावलंत, हे सरकारी काम आहे, हळदीकुंकू नव्हे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "भीती मलाही वाटून राहिली साहेब," त्या म्हणाल्या. "खूप वाटून राहिली. पण आता जर ही माय त्याला आणायला गेली, तर ती जन्मभर जात राहील." तेव्हा माझ्या लक्षात आलं की या बाईंना कसलीही खात्री नसते. खात्री नसतानाही त्या बसून राहू शकतात. मला हे आजतागायत जमलेलं नाही, आणि ज्याला जमतं त्याच्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडतो.

विजयमाला ताटावरच बसली होती. हात धुतला नव्हता, म्हणजे व्रत चालू होतं. बोटांवरचं भरीत वाळून गेलं होतं.

ऊन कलल्यावर दोघं आले. पुढे पोरगं, मागे बाप. पोराच्या पायात चपला होत्या. विजयमाला उठली, मोरीत जाऊन हात धुतला आणि ओल्या हातानंच मुलासमोर येऊन उभी राहिली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुला बरं वाटंल म्हनून बोलले." साईनाथनं चपला काढल्या आणि तो आपल्या ताटापाशी जाऊन बसला. म्हणाला, "भूक लागलीय."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. बापलेकांनी आता सरळ भांडायला सुरुवात केली होती, आणि ते आवाज शेजारपाजारी जात. मी बाईंना म्हटलं, आधी निदान शांतता होती. त्या म्हणाल्या, "ती शांतता नव्हती जी. ते निरोप होते." पुढे साईनाथ गावच्या हायस्कुलात जायला लागला. मच्छिंद्र त्याला घेऊन अभिनवच्या घरी माफी मागायलाही गेला. अभिनवनं दारातच ऐकून घेतलं, 'ठीक आहे' म्हणाला आणि दार लावलं. त्याचं बरोबरच होतं. परतीच्या वाटेवर दोघंही बोलले नाहीत, पण घरी येऊन विजयमालाला जे झालं तेच सांगितलं, दोघांनीही सारखं.

योजना तीन वर्षांनी गुंडाळली गेली. तोवर बाईंनी किती घरी मांड्या घातल्या, कोण जाणे. त्या घरांतली दोन मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली. ही गोष्ट त्या कधी लपवत नाहीत, उलट कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं की आधी त्या दोघांबद्दल सांगतात. त्यांच्या आयांना अजून भेटायला जातात. आता केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, तरी बसायचं जमिनीवरच. मी निवृत्त झालो. नारायण पेठेत माझ्या ओळखीची बरीच हुशार माणसं राहतात, पण हुशार माणूस म्हटलं की मला पुसदच्या या बाई आठवतात.

पण सांगायची राहिली ती मंडळाची तारीख.

कार्तिकी एकादशी होऊन गेल्यावर, नोव्हेंबर संपता संपता ती आली. मंडळाच्या खोलीत टेबलामागे न्यायाधीश बाई आणि दोन सदस्य, समोर एका बाकावर मच्छिंद्र, विजयमाला आणि साईनाथ. बसले होते तेही नेहमीसारखेच, आई मध्ये. मी आणि कौशल्याबाई मागे. बाईंनी माझी बाही घट्ट पकडली होती. लोकांसमोर हे बरं दिसत नाही असं मी हळूच सांगून पाहिलं, पण बाही सुटली नाही.

न्यायाधीश बाईंनी मच्छिंद्रला विचारलं, त्या रविवारी मुलगा निघून गेला तेव्हा काय झालं? माझ्या अहवालात ते होतं, मी लपवलं नव्हतं.

मच्छिंद्र उभा राहिला. "आमचं रान हुतं तिथं गेलता, साहेब. आता तिथं सोसायटी हाय. फाटकापाशी बसलावता. मी गेलो तर वॉचमन आला, म्हनला, कुनाकडं जायचंय? आमच्याच रानात. मला काय बोलावं कळंना. तर ह्यो म्हनला, पेरूच्या झाडाकडं जायचंय. वॉचमन बघाय लागला येड्यावानी. मग पोरगं हसलं. मग मीबी हसलो." तो थांबला. "मग रडलो बी, साहेब."

न्यायाधीश बाईंनी कागद बाजूला ठेवला. "एक वर्ष मुलगा तुमच्या जबाबदारीवर राहील. तो चुकला तर आम्ही तुम्हाला बोलावणार. घेता?"

"घेतो."

"त्याला तुमच्याबरोबर यायचंय का? त्याला विचारा."

आणि मच्छिंद्र, इतक्या वर्षांच्या सवयीनं, बायकोकडे वळला. "इचार त्याला—"

माझी बाही फाटते की काय असं मला वाटलं. व्रत संपलं होतं. विजयमालाला बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. तिच्याकडे सगळं होतं, पोराच्या वतीनं म्हणायची वाक्यं, नवऱ्याच्या वतीनं म्हणायची वाक्यं. ती समोरच्या भिंतीकडे बघत तोंड मिटून बसून राहिली. मग हळूच उठली, बाकाच्या टोकाला जाऊन बसली. मधली जागा मोकळी झाली.

मच्छिंद्र त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा होता. मग त्यानं मुलाकडे बघितलं.

"साई," तो म्हणाला. "येतोस का घरी?"

साईनाथनं मान खाली घातली, पुन्हा वर केली. "येतो. पण अण्णा, व्रत संपलं तरी तुम्ही आधी जेवून घेऊ नका. मी आल्यावर बसू."

"थांबतो," मच्छिंद्र म्हणाला.

बाहेर आल्यावर मी बाईंकडे बघायचं टाळलं, कारण त्या रडत असणार हे मला ठाऊक होतं आणि माझीही स्थिती फार वेगळी नव्हती. विजयमाला आमच्यापाशी आली. बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "पुढच्या साली वांगं सोडलं तर चालंल का? यंदा लई झालं बाई वांगं."

"सोडा," कौशल्याबाई म्हणाल्या. "आता खुशाल सोडा."